पेशंटची सवय सुटावी म्हणून सिस्टरनं काय करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डात, ओपीडीत, उपकेंद्रात काम करणाऱ्या परिचारिका, ब्रदर आणि सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) यांच्याकडून प्रशिक्षणात, ड्यूटीच्या मधल्या चहाला आणि कधी वैतागाच्या भरात विचारले जाणारे हे प्रश्न. बरीचशी उत्तरं तंबाखूभोवती फिरतात, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गाठ तिच्याशी पडते. दारू, मीठ आणि गोड यांचंही बोलू.

सवयी सोडायला सांगणं हे डॉक्टरांचं काम नाही का?

त्यांचंही आहे. पण राऊंडवर डॉक्टर पेशंटपाशी जेमतेम दोन-चार मिनिटं असतात, आणि तेव्हा पेशंट "हो साहेब, हो साहेब" करत असतो. ड्रेसिंग करताना, सलाईन लावताना, रात्री बीपी बघताना आपण असतो. कुठली सुई दुखते, घरी कोण कोण आहे, शेत कुणाच्या नावावर आहे हे तो आपल्याला सांगतो. ज्याला तो हे सांगतो, त्याच्याकडूनच तो सवयीचं बोलणं ऐकून घेतो. परिचारिकांनी दिलेल्या सल्ल्यावर जगभर चाचण्या झाल्या आहेत. त्यातून दिसतं की अशा सल्ल्यानं धूम्रपान सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. ही वाढ फार मोठी नाही, पण खरी आहे. महिन्याला शेकडो पेशंट हाताखालून जातात, त्यामुळे थोडी वाढही थोडी राहत नाही.

एका शिफ्टला चाळीस पेशंट. वेळ कुठून आणू?

वेगळा वेळ काढायचा नाही. ड्रेसिंगला लागणाऱ्या दहा मिनिटांत तोंड मोकळंच असतं. तीन मिनिटांचं बोलणं पुरतं, फक्त ते पुढच्या वेळी पुन्हा झालं पाहिजे. एकदाच अर्धा तास समुपदेशन करून नंतर कुणीच काही न विचारण्यापेक्षा, आठवडाभराच्या ॲडमिशनमध्ये रोज दोन वाक्यं बोलणं जास्त उपयोगी पडतं, असं माझं ठाम मत आहे.

"काही व्यसन आहे का?" विचारलं की सगळेच "नाही" म्हणतात. मग कळणार कसं?

या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर येणार. आपल्याकडे व्यसन म्हणजे दारू. तंबाखू म्हणजे "थोडी सवय", आणि मशेरी तर दात घासायची वस्तू. साठीची आजी सकाळ, दुपार, संध्याकाळ तव्यावर भाजलेली तंबाखू हिरड्यांना लावत असते आणि केस पेपरवर मात्र "व्यसन : नाही" असं लिहिलेलं असतं. तिनं खोटं सांगितलेलं नसतं, विचारणाऱ्यानं चुकीचं विचारलेलं असतं.

इंग्रजी फॉर्मवरून उतरवून घेतलेला "सिगारेट ओढता का?" हा प्रश्न आपल्या राज्यात तर फारच तोकडा पडतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं कुठलं ना कुठलं रूप वापरणारे निघाले. त्यात ओढणारे ३.८ टक्के होते आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे ओढण्यापुरतंच विचारलं, तर बहुतेक सगळे निसटून जातात.

म्हणून वस्तूचं नाव घेऊन विचारा, आणि "करता का" ऐवजी "काय करता" असं विचारा. "काका, तंबाखू-चुना की पुडी?" "आजी, मशेरी दिवसातून किती वेळा लागते?" विदर्भात खर्रा म्हणा, पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मावा म्हणा. तपकीर आणि बिडीचंही विचारा. सूर "जेवलात का?" विचारतो तसा असावा. जो अजिबात घेत नाही तो हसून "छे, मला नाही लागत" म्हणेल, त्यात बिघडलं काहीच नाही.

एक प्रश्न मात्र चुकवू नका : "सकाळी उठल्यावर पहिला बार (तंबाखूची पहिली चिमूट) किती वेळानं?" उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटीनची ओढ घट्ट आहे. अशा माणसाला नुसत्या निश्चयावर सोडलं तर तो तिसऱ्या दिवशी टपरीवर सापडतो. त्याला औषधाची मदत लागेल असं डॉक्टरांना कळवा.

कॅन्सरचे फोटो दाखवून घाबरवलं तर?

पुडीवर तो फोटो छापलेलाच आहे, आणि पेशंट रोज तोच फाडून पुडी उघडतो. भीतीनं माणूस हलतो हे खरं. पण पुढचा रस्ता दिसत नसेल तर तो भीतीकडेच पाठ फिरवतो. "मरायचं तर एक दिवस आहेच" हे वाक्य त्याच पाठ फिरवण्यातून येतं. धोका सांगायचाच, पण तो आज बिछान्यावर पडलेल्या दुखण्याशी जोडून सांगायचा. पायाची जखम तीन आठवडे भरत नाही आणि पेशंट बिडी ओढतोय, तर "धुरानं रक्तवाहिन्या आक्रसतात, जखमेला रक्त पुरत नाही, म्हणून ती भरायला वेळ लागतोय" एवढंच. त्याला पंधरा वर्षांनी होणाऱ्या कॅन्सरपेक्षा ही जखम कधी भरणार याची जास्त काळजी असते. टीबीच्या पेशंटला सांगा की बिडी चालू राहिली तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. मोडलेलं हाड जुळायला उशीर होतो, हे प्लास्टर घातलेल्या पोराला सांगा.

मग बोलायचं तरी कसं? एखादं उदाहरण द्या.

आधी नेहमी घडतं ते.

"काका, किती वेळा सांगितलं तंबाखू सोडा म्हणून! पाय कापावा लागेल, मग कळेल."
"सोडतो सिस्टर."
"नक्की?"
"नक्की."

काका खाली चहाला गेले की पहिला बार तिथेच. या संवादात कारणं सगळी सिस्टरची होती. काकांच्या वाट्याला फक्त मान डोलवणं आलं. त्यांनी स्वतःच्या तोंडानं काहीच म्हटलेलं नाही, त्यामुळे पाळायचं तरी काय?

आता तोच पेशंट, तेच ड्रेसिंग.

"काका, एक विचारू का? तंबाखूबद्दल."
"विचारा की."
"तिचा तुम्हाला काय फायदा होतो?"
(इथे काका जरा चमकतात. असं कुणी विचारत नाही.)
"फायदा म्हणजे... रानात पाणी द्यायला रात्री जावं लागतं. झोप उडते. आणि पोट साफ होतं."
"बरोबर आहे, रात्रीची लाईट आली की जावंच लागतं. आणि तिच्यातलं काय आवडत नाही?"
"नातू जवळ येत नाही. वास येतो म्हणतो. पैसेबी जातात."
"नातवाला वास आवडत नाही."
"हां. तो म्हणतो, आजोबा, आधी तोंड धुवा."
"मग तुमच्या मनात काय येतं?"
"सोडावी वाटते कधी कधी. पण होत नाही."

आता सगळा माल काकांचा आहे. सिस्टरनं फायदा विचारला, तोटा विचारला, त्यांचंच एक वाक्य त्यांना परत ऐकवलं आणि गप्प बसली. हे गप्प बसणंच आपल्याला सगळ्यात अवघड जातं. "सोडावी वाटते" ऐकलं की आपली जीभ लगेच सल्ल्याकडे धावते. पाच सेकंद थांबा. पुढचं वाक्य बहुधा त्याच्याकडूनच येतं.

या पद्धतीला मानसशास्त्रात नाव आहे : मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या पेशंटांसोबत काम करताना ती मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर वाढवली. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. बदलाचं कारण पेशंटच्या तोंडून आलं पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

सल्ला द्यायचाच नाही का मग?

द्यायचा, पण विचारून. "साखर असलेल्या माणसाच्या पायाबद्दल एक गोष्ट सांगू का?" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही, आणि "सांगा" म्हणाल्यावर तो ऐकतोही. मग एकच गोष्ट सांगा. सात सांगितल्या तर एकही घरी पोचत नाही. नंतर विचारा, "यावर तुम्हाला काय वाटतं?"

मन किती तयार आहे हे कसं ओळखायचं?

प्रशिक्षणात शून्य ते दहाची पट्टी शिकवतात. शिकलेल्या पेशंटला ती चालते. वयस्कर माणसांना "सोळा आण्यांपैकी किती आणे मन तयार आहे?" हे जास्त पटकन कळतं. समजा म्हणाला, "चार आणे." इथे "फक्त चारच?" असं म्हणालात तर तो स्वतःची बाजू मांडायला लागेल. उलटं विचारा : "चार आणे म्हणालात, एकच का नाही म्हणालात?" मग तो चार आण्यांची कारणं सांगायला लागतो, आणि ती सोडण्याच्या बाजूची असतात. त्यापाठोपाठ विचारा : "चाराचे सहा व्हायला काय लागेल?"

"मला सोडायचीच नाही" असं तोंडावर म्हणाला तर?

"ठीक आहे काका, निर्णय तुमचा. मी पुन्हा कधीतरी विचारलं तर चालेल ना?" एवढंच. दार उघडं ठेवून बाजूला व्हायचं. आज नको म्हणणारा माणूस बायपासनंतर किंवा नातीच्या बारशानंतर हो म्हणतो. तेव्हा त्याला भांडलेली सिस्टर आठवून उपयोग नाही.

"माझे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू खात होते."

हे दर आठवड्याला ऐकू येतं. वाद घालू नका, हरणार तुम्हीच, कारण आजोबा खरंच नव्वदीपर्यंत जगलेले असतात. "नशीबवान होते. तुमची तब्येत त्यांच्यासारखी वाटते का तुम्हाला?" हातात सलाईन लावलेला माणूस यावर थोडा वेळ बोलत नाही.

सोडायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात काय सांगायचं?

काय होणार आहे ते आधीच सांगा, नाहीतर त्रास सुरू झाला की "तंबाखू सोडल्यामुळे मी आजारी पडलो" असा निष्कर्ष निघतो. चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं, भूक वाढणं, डोकं दुखणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. तलफ लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत उतरते. तेवढी मिनिटं काढायची : पाणी प्यायचं, जागा बदलायची, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकायची, कुणाला तरी फोन लावायचा.

बद्धकोष्ठाबद्दल हमखास बोला, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. "मशेरी लावल्याशिवाय परसाकडला होत नाही" ही तक्रार खरी आहे. निकोटीन आतड्याची हालचाल वाढवतं, त्यामुळे ते बंद केलं की काही दिवस पोट जड राहतं. अनेक बाया याच कारणानं चौथ्या दिवशी परत डबी उघडतात. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, रात्री भिजवलेल्या मनुका आणि ठरलेल्या वेळी संडासला बसणं एवढं आधीच सांगून ठेवा. साखर असेल तर मनुकांचं प्रमाण आधी विचारून घ्यायला सांगा. गरज पडली तर डॉक्टर थोडे दिवस औषध देतील.

घर आवरायला लावा. डबी, चुन्याची नळी, उशाखालची पुडी, शर्टाच्या खिशातला चुरा सगळं बाहेर. "एक ठेवतो, अडीनडीला" असं कुणी म्हणालं की समजा, ती अडीनडी आज संध्याकाळीच येणार.

पैशाचा हिशेब पेशंटलाच करू द्या. रोजचे तीस रुपये धरले तर वर्षाचे १०,९५० होतात. हा आकडा त्यानं स्वतः मोबाईलवर गुणून काढला की त्याचा चेहरा बघा.

मोफत क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६ आहे. तो डिस्चार्ज कार्डवर तुमच्या हातानं लिहून द्या. भिंतीवरचं पोस्टर घरी जात नाही, कार्ड जातं.

निकोटीनची गोळी म्हणजे च्युइंगम पेशंटला "लागत नाही". का?

बहुधा तो ती साध्या च्युइंगमसारखी सतत चघळतो. तसं केलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, मळमळ आणि उचक्या होतात आणि तो गम फेकून देतो. सावकाश चावायची, तोंडात झिणझिण किंवा तिखटपणा जाणवला की थांबायचं आणि गालाच्या आत दाबून ठेवायची. झिणझिण कमी झाली की पुन्हा थोडं चावायचं. असं साधारण अर्धा तास. तंबाखूची गोळी गालात धरायची सवय असलेल्याला हे पटकन जमतं, फक्त कुणीतरी एकदा दाखवायला हवं. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, कारण मग निकोटीन तोंडातून नीट शोषलं जात नाही. दोन मिलिग्रॅमची की चारची, आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. तोंड नीट उघडत नसेल किंवा दात पडले असतील तर निकोटीनच्या पॅचबद्दल (त्वचेवर लावायची पट्टी) विचारा.

आणि एक सूचना, जी वॉर्डात सहसा विसरली जाते. थिओफायलिन चालू असलेल्या दम्याच्या पेशंटनं धूम्रपान सोडलं की त्याच्या रक्तातली औषधाची पातळी वाढू शकते, कारण धुरामुळे ते औषध शरीरातून लवकर बाहेर पडत असतं. उलटी, धडधड, हाताची थरथर दिसली तर डॉक्टरांना "यानं बिडी सोडली आहे" हे आवर्जून सांगा.

एकदम सोडायची की हळूहळू?

तारीख ठरवून एकदम सोडणाऱ्यांना थोडं जास्त यश मिळतं. पण कमी करत जाण्याचीच एखाद्याची तयारी असेल तर तेही चालेल. फक्त शेवटची तारीख आजच ठरवून घ्या. "हळूहळू" ला तारीख नसेल तर ते हळूहळूच राहतं. (हे फक्त तंबाखूसाठी. दारूचं खाली वाचा.)

गरोदर बाई मशेरी लावते. काय सांगू?

सगळ्यात आधी, तिला एकटीला गाठा. सासूही मशेरी लावत असते, बऱ्याचदा डबी एकच असते. सासूसमोर सुनेला सांगितलं तर ती मान हलवेल आणि पुढच्या तपासणीला येणारच नाही. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांवर केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, आणि वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. आईला आकडा सांगायची गरज नाही. "बाळाला जाणारं रक्त कमी होतं, बाळ बारीक राहतं" हे पुरतं.

ती कशासाठी लावते ते विचारा. पहिल्या तीन महिन्यांतली मळमळ, दाढदुखी, किंवा सगळ्या बाया अंगणात बसून लावतात म्हणून. दाढ दुखत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे पाठवणं हाच तंबाखू सोडण्याचा उपचार आहे. मळमळीसाठी डॉक्टरांकडून गोळी मिळते. अंगणातली बैठक मात्र तुटत नाही. तिथे "मी आता टूथपेस्टवर आले" असं म्हणायची हिंमत तिला हवी असते, आणि ती बहुतेक वेळा आशाताईंच्या आधारानं येते. मग सासूशी वेगळं बोला. बाळाच्या वजनाचा विषय काढलात तर ती आपली साथ देते, असं बऱ्याचदा दिसतं.

"आता तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो."

सुपारी स्वतःच कॅन्सर करणारी वस्तू म्हणून सिद्ध झालेली आहे. तोंड हळूहळू आवळत जाण्याचा आजार मुख्यतः तिच्यामुळेच होतो. पेशंटला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर दंत किंवा कान-नाक-घसा विभागात पाठवा. खर्रा आणि मावा यांत तर सुपारीच जास्त असते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे पेशंटला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, त्यामुळे "मिळत नाही" या भरवशावर राहू नका.

दारू पिणाऱ्यालाही असंच समजवायचं का?

बोलण्याची रीत तीच. पण एक मोठा फरक आहे आणि तो न कळल्यानं माणसं दगावतात. रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून बंद" असं घरी पाठवून सांगू नका. अचानक बंद केल्यावर सहा ते चोवीस तासांत हात कापणं, घाम, घाबरं होणं सुरू होतं. साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो : भिंतीवर किडे दिसतात, सलाईन उपटलं जातं, पेशंट पळायला बघतो. हाड मोडून ॲडमिट झालेल्या आणि तिसऱ्या रात्री "वेडा झाला" म्हणून हातपाय बांधलेल्या पेशंटची गोष्ट प्रत्येक वॉर्डात एकदा तरी घडलेली असते. तो वेडा झालेला नसतो, त्याची दारू तुटलेली असते.

म्हणून ॲडमिशनच्या वेळीच विचारा : रोज की अधूनमधून? देशी, हातभट्टी की इंग्लिश? नाईन्टी, क्वार्टर की खंबा? शेवटची कधी घेतली? सकाळी हात थांबावेत म्हणून लागते का? आधी कधी बंद केल्यावर फिट आली होती का? शेवटच्या दोन प्रश्नांना "हो" आलं तर लगेच डॉक्टरांना सांगा आणि हँडओव्हरला पुढच्या सिस्टरलाही सांगा. अशा पेशंटला ग्लुकोजचं सलाईन लागणार असेल तर थायमिनची (बी-१ जीवनसत्त्व) आठवण करून द्या. ते आधी द्यायचं असतं.

पुढच्या मदतीसाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. गडचिरोलीत असाल तर मुक्तिपथ या व्यसनविरोधी उपक्रमाचं तालुका पातळीवरचं काम माहीत करून घ्या, तिथे दारूबरोबर खर्राही येतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी सभा बऱ्याच शहरांत भरतात. जवळची कुठे भरते ते एकदा शोधून वॉर्डच्या फळ्यावर लिहून ठेवा.

बीपीच्या पेशंटला "मीठ कमी करा" सांगून काहीच होत नाही.

कारण तो स्वयंपाक करत नाही. मीठ ज्याच्या हातात आहे त्या व्यक्तीला बोलवा, आणि "कमी करा" असं न सांगता काय कमी करायचं ते सांगा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे सगळं धरून एक चहाचा चमचाही नाही. घरात किती जण आहेत आणि मिठाची पुडी किती दिवसांत संपते, एवढं विचारलं की अंदाज येतो. किलोभर मीठ चौघांच्या घरात महिनाभर पुरत असेल तर माणशी रोजचे आठ ग्रॅमच्या वर झाले. बाहेरच्या फरसाणातलं मीठ त्यात धरलेलंच नाही.

आमटीतलं मीठ सुटणं अवघड असतं. लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, ताटात वाढलेलं मीठ, सुकी मासळी आणि फरसाण यांपासून सुरुवात करा. कोकणातल्या घरात सुक्या मासळीवर बोलताना जरा जपून, "बंद" म्हणालात तर पुढचं काहीच ऐकणार नाहीत. आठवड्यातून एकदा आणि आधी पाण्यात भिजवून, इथपर्यंत आलात तरी मिळवलं. ताकात मीठ नको, जिरेपूड चालेल. लिंबू आणि कोकम यांनी मिठाची उणीव बरीच भरून निघते. सैंधव मीठ चालतं का, असं विचारतील. तेही मीठच आहे. आणि पोटॅशियम असलेलं "लो सोडियम" मीठ किडनीच्या पेशंटनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, काही बीपीच्या गोळ्यांबरोबरही नाही.

साखरेचा पेशंट उपवास धरतो.

"उपवास करू नका" म्हणालात तर तो करणारच, फक्त तुम्हाला सांगणार नाही. मग गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिला आणि साखर उतरली तर धोका मोठा. कुठला उपवास, पाणी चालतं का, संध्याकाळी सोडता की दुसऱ्या दिवशी, हे विचारा आणि त्याप्रमाणे औषधाची वेळ डॉक्टरांकडून आधी बदलून घ्या. दुसरी बाजू साबुदाण्याची. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे, त्यामुळे खिचडीच्या मोठ्या ताटलीनं साखर चढते. वरी किंवा राजगिराही मोजूनच, सोबत दही आणि शेंगदाणे. घाम, थरथर, घाबरं वाटलं तर उपवास मोडून लगेच साखर किंवा गूळ खायचा हे घरच्यांनाही सांगा. "देव रागावत नाही" हे सिस्टरनं म्हटलं तर चालतं, पण आजीच्या ओळखीच्या कीर्तनकारानं म्हटलं तर जास्त चालतं.

"रोज चाला" सांगितलं तर बाया हसतात.

बरोबरच हसतात. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईला तीस मिनिटं चालायला सांगणं म्हणजे तिचा दिवस आपण पाहिलेलाच नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम श्रम हा जो सल्ला आहे, त्यात शेतातलं कामही धरलं जातं. तिला चालण्यापेक्षा विश्रांती, जेवणात डाळ-अंडं आणि हिमोग्लोबिन यांची जास्त गरज असू शकते. चालायचा सल्ला दुकानात बसणाऱ्याला, ड्रायव्हरला, ऑफिसवाल्याला द्या. साखरेच्या पेशंटला देताना पायात काय घालतो ते आधी बघा. अनवाणी देवदर्शनाला जाणाऱ्याच्या पायाला संवेदना नसेल तर फोड आलेला त्याला कळतच नाही.

नातेवाईकांना लक्ष ठेवायला सांगावं का?

पोलीस म्हणून नको. "ह्यांचा खिसा तपासत जा" असं बायकोला सांगितलं की घरात रोजचं भांडण, आणि भांडणावर उतारा म्हणून पुन्हा पुडी. तिला एक-दोन ठरावीक कामं द्या : पहिले पंधरा दिवस त्याच्या चिडचिडीला उत्तर न देणं आणि घरात पुडी न आणणं. लहान पोराला दुकानात पाठवून तंबाखू मागवणं बंद करणं हेही त्यातच येतं. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हाच आहे.

सोडली होती, पुन्हा सुरू केली. आता?

बहुतेकांचं असंच होतं. कायमची सुटण्याआधी अनेकदा प्रयत्न करावे लागतात. "शेवटी खाल्लीतच ना!" म्हणण्याऐवजी विचारा, "किती दिवस राहिलात? ते कसं जमलं?" मग "पहिली कुठे घेतली?" उत्तर बहुधा लग्न, दहावा, निवडणुकीचा प्रचार, ऊसतोडीचा फड किंवा रात्रपाळी असतं. पुढच्या वेळी नेमक्या त्या जागेची तयारी करायची. दहाव्याला कुणी पुढे केली तर काय म्हणायचं ते वाक्य इथेच, वॉर्डात, एकदा मोठ्यानं म्हणून घ्या. "डॉक्टरनी बंद केलीय" हे वाक्य गावात सगळ्यात बिनबोभाट चालतं. त्यामागे लपायला काहीच हरकत नाही.

आमच्या वॉर्डातले मामाच (वॉर्डबॉय) तंबाखू मळत बसतात. पेशंटला काय तोंडानं सांगू?

मामांनाही हेच प्रश्न विचारा, पेशंटसमोर नको. रात्रपाळी, पगाराची ओढाताण आणि तीस वर्षांची सवय यांतून ते आलेलं असतं. स्वतः सिस्टर किंवा ब्रदर खात असतील तर पेशंटपुढे प्रवचन देऊ नका, पण विचारणं आणि नंबर लिहून देणं थांबवूही नका.

हे सगळं लिहायचं कुठे?

नर्सिंग नोट्समध्ये आणि हँडओव्हरला, दोन ओळी : काय घेतो, किती, उठल्यावर किती वेळानं, कुठपर्यंत बोलणं झालं, त्यानं स्वतः दिलेलं कारण. "नातू जवळ येत नाही" हे त्याचे शब्द तसेच उतरवा. उपकेंद्रात सीबॅक फॉर्ममध्ये (आजारांचा धोका ओळखण्यासाठी भरायची यादी) तंबाखू-दारूचे रकाने असतातच. आशाताईंनी भरलेला फॉर्म गठ्ठ्यात जाण्याआधी त्यातल्या "हो" वाल्यांची एक छोटी यादी वहीत करा आणि पुढच्या भेटीला त्या यादीवरून सुरुवात करा. संध्याकाळच्या पाळीची सिस्टर काकांना "नातू आला होता का आज?" असं विचारेल, तेव्हा तिला तो विषय कुठून कळला हे काकांना समजणार नाही, पण बोलणं कालच्या जागेवरून पुढे सुरू होईल.